रागवायची शिकवणी

शिनसेकाई, ओसाका
१२ मे २०२३

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, भांडं परत आलं.

कोणतं भांडं ते तुम्हाला सांगायला नको. साथीच्या वर्षांत सगळ्या गल्लीने सॉसची भांडी माळ्यावर टाकली आणि गिऱ्हाइकांपुढे पिळायच्या बाटल्या आल्या, तेव्हा आपणही टाकलं होतं. गेल्या सोमवारी मी कोहेईला माळ्यावर चढवलं आणि ते खाली काढायला लावलं. चिरंजीव कुरकुरले. म्हणे, बाटलीत काय वाईट आहे, भांडण नाही की तंटा नाही. मी म्हटलं, अरे, तुझ्या आजीच्या हातचा सॉस आहे, तो काय टूथपेस्टसारखा पिळायचा? चौघांनी एकाच भांड्यात तळलेल्या तुकड्यांची काडी बुडवली नाही तर शिनसेकाईत येऊन जेवलो असं वाटतं तरी का?

पण आता कढईपुढे तो उभा असतो, तेव्हा त्याच्याशी तह करणं भाग होतं. सासूबाईंची चिनी मातीची बरणी आहे ना, तिच्यातला जुना सॉस थोडा थोडा घेऊनच आपण रोजचं भांडं भरतो. कोणी उष्टी काडी बुडवली की सगळं भांडं मोरीत ओतायचं, हा सासूबाईंचा नियम मोडायचा नाही. पण असं वरचेवर ओतावं लागलं तर बरणी खाली जाणारच, नवं घालून ती चव काही एका दिवसात यायची नाही. कोहेईने सांगितलंय, बरणी अर्ध्याखाली गेली की भांडं पुन्हा माळ्यावर, आणि या वेळी कायमचं. मी हो म्हटलं खरं.

अडचण अशी की भांडं आलं, पण भांड्याची राखणदार बसलीय कानाझावाला लेकीकडे नातीचे लाड करत. तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एकदा आवाज टाकलात की रांगेतली शेवटची माणसंसुद्धा ताठ व्हायची. मला रागवता येत नाही. मी पडले उजी गावची. आमच्याकडे मांजर ओट्यावर चढलं तरी "जरा उतरता का" असं विचारतात. तेव्हा वन्सं, मला पत्रातून रागवायला शिकवा. हसू नका.

मनोऱ्यावरचा हवामानाचा दिवा काल केशरी होता, म्हणून आज ढग आहेत. तुमच्यामागे आता मीच रोज संध्याकाळी तो बघून उद्याचे कपडे धुवायचे की नाही ते ठरवते. आणि हो, मनोऱ्याला घसरगुंडी बसवलीय. माणसं पैसे भरून वरून घसरत येतात आणि किंचाळतात. आपल्या गल्लीत ओरडायला पूर्वी पैसे पडत नसत.

मासुमीला आशीर्वाद, नात्सुला गोड पापा.

तुमची,
मित्सुए


कानाझावा
१८ मे

चि. मित्सुए,
अनेक आशीर्वाद.

हसले. मासुमी धावत बघायला आली काय झालं म्हणून.

मी इथे सुखात आहे हे आधी लिहून टाकते, म्हणजे मोकळी झाले. बाग आहे, बागेत शेवाळ आहे, त्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही. जावई सज्जन आहे. शेजारीण इतकं हळू बोलते की ती गेल्यावर मला कळतं ती आली होती. परवा सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम खाल्लं, चव आइस्क्रीमचीच होती. पाऊस मात्र पाठ सोडत नाही. इथली म्हण आहे, डबा विसरलास तर चालेल पण छत्री विसरू नकोस. आपला मनोरा इथे असता तर वरचा दिवा बारा महिने निळा राहिला असता.

आता शिकवणी. नीट वाच.

रागवताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, काडीकडे बघायचं. तोंडाकडे बघितलंस की तुला दया येणार, तुझा स्वभाव मला माहीत आहे. काडी चावली आहे का ते आधी बघ. न चावलेली काडी दोनदा बुडवली तरी गुन्हा नाही, उष्टी बुडवली की गुन्हा. आवाज घशातून काढू नकोस, पोटातून काढ. आणि "माफ करा पण" अशी सुरुवात केलीस तर मी येऊन तुझे कान उपटेन. आपलं ठरलेलं वाक्य म्हण: "एकदा बुडवलंस ते तुझं, दुसऱ्यांदा बुडवलंस ते सगळ्यांचं." पुढे हवं तर मनोऱ्याला एक फेरी मारून यायला सांग.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रागवून झालं की लगेच त्याच माणसाला आपल्या हाताने कोबी द्यायचा. त्याला दाखवायचं, सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने उचलून घे, काडीने नाही. नुसतं रागावणं हे भांडण. कोबी दिला की तो घरचा. माझ्या आईने मला हे आधी शिकवलं, तळणं नंतर.

इथे मी कोणाला रागवत नाही. मासुमी सारखी म्हणते, आई, आवाज. मी म्हणते बरं.

मनोऱ्यातल्या बिलिकेनच्या तळव्यांचे खड्डे बुजवले का अजून तसेच आहेत? देवाचे पाय लोकांनी घासून घासून पार चपटे केले, आणि तो मेला हसतोच आहे.

किनुयो


शिनसेकाई
७ जून

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार.

तुमची शिकवणी सुरू केली. पहिल्या दिवशी तैवानचा एक तरुण होता. त्याने चावलेली कोळंबी पुन्हा बुडवली. मी काडीकडे बघितलं, पोटात हवा भरली आणि वाक्य म्हटलं. त्याला वाटलं मी त्याच्या दौऱ्याला शुभेच्छा देतेय. उठून वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बुडवली. भांडं मोरीत. कोहेई जाऊन बरणीकडे बघून आला.

मग तीन शाळकरी पोरी. त्यांना रागवले तर त्या इतक्या घाबरल्या की मीच त्यांना दोन काड्या फुकट दिल्या. कोबी द्यायचा होता हे नंतर आठवलं.

आणि आता खरी गोष्ट. ओरितोसान. जानजान गल्लीच्या शोगीखान्यातल्या पटावरून उठून रोज दुपारी येणारे, तुमच्याशी रोज वाद घालणारे ओरितोसान. परवा गर्दी होती. मागून मला दिसलं की त्यांचा हात दुसऱ्यांदा भांड्यात गेला. म्हटलं आता काय व्हायचं ते होवो. जीव खाऊन ओरडले. त्यांनी हात वर केला, आणि हातात काय, तर कोबीचं पान. आयुष्यभर ज्याने कोबीनेच सॉस उचलला त्या माणसावर मी चोरासारखी ओरडले. त्यांनी पान बशीत ठेवलं, तोंड पुसलं आणि निघून गेले. तेव्हापासून आलेले नाहीत. शोगीखान्याच्या काचेतून दिसतात, माझ्याकडे पाठ करून बसतात.

मला रात्रभर झोप लागली नाही. क्षमा मागायला जाऊ का? काहीतरी मिठाई घेऊन जाऊ का? वन्सं, मला हे जमायचं नाही असं वाटायला लागलंय. बरणी गळ्यापासून चांगली बोटभर खाली गेलीय. तुम्ही तिथे इतक्या सुखात आहात, तुम्हाला हे सगळं लिहू नये, पण दुसरं लिहू कोणाला.

आज सकाळी प्राणिसंग्रहालयातला सिंह खूप वेळ ओरडत होता. त्याला बरं जमतं.

मित्सुए


कानाझावा
१२ जून

मित्सुए,

क्षमा मागितलीस तर खबरदार. मिठाई घेऊन गेलीस तर तो माणूस मरेपर्यंत आपल्या दुकानात पाऊल ठेवणार नाही. त्याला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते, शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. चारचौघांत अपमान झाला ते तो विसरेल, पण चारचौघांत क्षमा मागितलेली त्याला चालायची नाही, कारण मग त्याला मोठ्या मनाने वागावं लागेल आणि ते त्याला जमत नाही.

असं कर. दुपारी शोगीखान्याच्या काचेबाहेर नेहमीसारखी बघ्यांची गर्दी असते, तिच्यात जाऊन उभी राहा. त्याने एखादी चाल केली की मोठ्याने नाव ठेव. काय म्हणायचं ते महत्त्वाचं नाही. तू त्याला बोललीस, आता त्याला तुला बोलू दे. फिटंफाट झाली की तो दुसऱ्या दिवशी हजर. आपल्याकडे ज्याला टोमणा मारत नाहीत तो माणूस परका.

जमणार नाही म्हणालीस तर बघ. तुला काही जमत नाही असं मी एकदाच म्हटलं होतं, तू लग्न होऊन आलीस त्या आठवड्यात, आणि आईने मला दिवसभर काड्यांत तुकडे खुपसायला बसवलं होतं.

मला यावंसं वाटतं असं नको समजूस. इथे माझ्यावाचून अडतं. नात्सु शाळेतून येते, मग शिकवणीला जाते, मग पोहायला जाते, आली की तिला खायला लागतं, ते मासुमी देते. काल तुला वाक्य नीट लिहून कळवावं म्हणून मी न्हाणीघरात नळ सोडून ते मोठ्याने म्हणून बघितलं. मासुमी आली, मग शेजारीण आली, मग कोणीतरी डॉक्टरला विचारून बघू म्हणालं. त्यामुळे शिकवणी आता कागदावरच.

किनुयो


शिनसेकाई
१३ जुलै

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, रागावू नका. किंवा रागवा, मला तेवढाच नमुना बघायला मिळेल.

ओरितोसान आले. तुम्ही सांगितलंत तसं काचेपाशी जाऊन उभी राहिले. मला शोगीतलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी एक सोंगटी उचलून पुढे ठेवली. मी म्हटलं, "शी, ही काय चाल झाली?" आतले बाहेरचे सगळे वळून बघायला लागले. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "तळणाऱ्या बाईने कढई सांभाळावी." दुसऱ्या दिवशी बरोबर दुपारी येऊन बसले, लाल आल्याची काडी मागितली आणि कोबीचं पान मला दिसेल असं उंच धरून सॉस घेतला. मी रडले थोडी. कांद्यावर घातलं.

भांड्याचं मात्र खरं सांगते, मला अजून रागवता येत नाही. ओरितोसान लक्ष ठेवतात, पण तेही डाव रंगला की येत नाहीत. बरणी अर्ध्यावर आलीय. आणखी एकदा भांडं ओतावं लागलं की संपलं, असं कोहेईने काल शांतपणे सांगितलं. तो ओरडत नाही हेच वाईट.

आणखी एक विचारायचं होतं. नाट्यगृहात नवी मंडळी आलीय, त्यांच्यातल्या एका नटाला महिनाभर खोली हवी आहे. कोहेई म्हणतो वरची तुमची खोली रिकामीच आहे. मी आपली उगाच दर आठवड्याला झाडते. तुम्ही तिथे इतक्या रमलात, बाग काय, सोन्याचा वर्ख काय, वाचून बरं वाटतं. साथीच्या वेळी तुम्ही नातीच्या ओढीने अचानक निघालात तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण आता पटलं. तर खोलीचं काय करू ते कळवा.

दिवा निळा आहे.

मित्सुए


कानाझावा
२० जुलै

मित्सुए,

खोली देऊन टाक. विचारायचं काय त्यात. माझी उशी जुनी झाली आहे, फेकून दे. हिवाळी कोट कपाटात असेल, तो सवडीने पाठव.

नटाला सांग, दुसरी पायरी करकरते.

किनुयो


कानाझावा
१७ ऑगस्ट

चि. मित्सुए,
आशीर्वाद.

महिना झाला, तुझं पत्र नाही. कोटही नाही. असो. मला एक सांगायचं आहे.

परवा मंगळवारी दुपारी दुकानात एक म्हातारी आली होती, तपकिरी टोपी, तोंडाला मास्क, दाराजवळच्या जागेवर. ती मी.

पितरांच्या ओबोनसाठी तात्सुओच्या अस्थी ठेवल्यात त्या देवळात आम्ही सगळे आलो होतो. तुझ्या नवऱ्यासमोर उदबत्ती लावली, त्याला दोन शब्द बोलले. मग मासुमी नात्सुला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेली. मी म्हटलं, मी बिलिकेनचे तळवे घासून येते. पाय आपोआप गल्लीत वळले. आत यायचं नव्हतं. खरं म्हणजे आत यायचंच होतं, पण तुमच्या पाहुणीसारखं नाही आणि मालकिणीसारखंही नाही. मला बघायचं होतं, माझ्यावाचून कसं चाललंय.

कोपऱ्यातलं माझं स्टूल एवढ्या गर्दीतही रिकामं होतं. पाय मोडला असेल तर सुतार बोलव, असं ठेवू नये, कोणी पडेल.

मी लाल आलं मागितलं. काडी बुडवली, वर काढली, चावली नाही, आणि तुझ्याकडे बघत पुन्हा बुडवली. आईचा सॉस मी उष्टा करीन होय? फक्त तुला चाचणी. आणि मित्सुए, तू ओरडलीस. काय ओरडलीस! पोटातून. "हात वर! एकदा बुडवलंत ते तुमचं, दुसऱ्यांदा बुडवलंत ते सगळ्यांचं. एवढं कळत नसेल तर आधी मनोऱ्याला फेरी मारून या!" शेजारच्या माणसाच्या हातातला पेला हलला. कोहेईने कढईवरून मान वळवली. मला माझ्या आईचा आवाज ऐकल्यासारखं झालं. मी तशीच उठले आणि बाहेर आले, आणि खरंच मनोऱ्याला एक फेरी मारली, कारण डोळे पुसायला जागा हवी होती.

दोन चुका सांगते. गिऱ्हाइकाला रागवताना "तुम्ही" म्हणायचं नसतं. आणि नंतर कोबी दिला नाहीस.

बाकी पास. तुला आता माझी गरज नाही, भांडं राहील, बरणी राहील. हे लिहिताना मला बरं वाटतंय, मनापासून. म्हणून आता खरं लिहायला हरकत नाही. साथीच्या वेळी मी नातीच्या ओढीने आले नाही. भांडी गेली, बाटल्या आल्या, आणि मी दिवसभर त्या स्टुलावर बसून कोणालाच काही बोलू शकेना. राखायला काही उरलंच नव्हतं. तू इतकी भली की मला बस म्हणत राहिलीस, आणि मला ते सहन झालं नाही. इथे सगळे चांगले आहेत. पण इथे मी नुसती शेवाळावर पाय पडणार नाही एवढं बघते.

कोट पाठव.

किनुयो


शिनसेकाई
२१ ऑगस्ट

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार नंतर. आधी रागावते.

तुम्हाला काय वाटलं, मी ओळखलं नाही? टोपी घाला, मास्क घाला, हवं तर बिलिकेनचा मुखवटा घाला. बसल्याबरोबर तुम्ही कोबीचं पान उलटं करून पाठ बघितलीत. कीड आहे का ते असं बघणाऱ्या या जगात दोनच बायका, एक सासूबाई आणि एक तुम्ही, आणि सासूबाई तर गेल्या. म्हटलं आता मास्क काढतील, आता हाक मारतील. तर तुम्ही चाचणी घेत बसलात.

काडी चावलेली नव्हती ते मला दिसलं. गुन्हा नव्हता, नियम तुमचाच आहे. मी ओरडले ते काडीसाठी नाही. स्वतःच्या घरी यायचं आणि दाराजवळ परक्यासारखं बसायचं, याचा राग आला मला. चाळीस वर्षांत आला नाही एवढा राग एकदम आला. "तुम्ही" म्हटलं ती चूक नाही. नणंदेला अरेतुरे करायला मला माझ्या आईने शिकवलेलं नाही.

आणि कोबी द्यायला विसरले नाही. ओरडून झाल्यावर आत गेले, ताजा कोबी चिरला, तुमच्या आवडीची मधली पानं काढली, बशी घेऊन बाहेर आले, तर जागा रिकामी. चपला न घालता गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेले. ओरितोसान खिडकीतून म्हणाले, तुमची नणंद मनोऱ्याकडे गेली. त्यांनीसुद्धा ओळखलं. मी मनोऱ्यापाशी गेले, तर घसरगुंडीपुढे एवढी रांग, तुम्ही कुठेच नाही. दोघी एकाच मनोऱ्याभोवती फिरत असणार, पुढेमागे.

स्टुलाचा पाय चांगला ठणठणीत आहे. त्यावर कोणाला बसू देत नाही, म्हणून रिकामं आहे. नटाला खोली दिली नाही. तुमचं ते कोरडं पत्र आलं त्याच दिवशी त्याला नाही सांगितलं आणि तुम्हाला काय लिहावं ते महिनाभर सुचलं नाही. कोट मुद्दामच पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी एका सद्गृहस्थाने उष्टी काडी बुडवली. मी तोंड उघडलं, आणि काय निघालं माहीत आहे? "माफ करा पण." कोहेईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बरणीवर झाकण ठेवलं. भांडं ओतलं. मग माळ्याची शिडी आणायला गेला आणि परत आला तो शिडी न घेताच. म्हणाला, "आत्या येणार असेल तर भांडं राहू दे. ती नसेल तर मला सांग, आजच चढवतो." मी म्हटलं, येतेय.

मी तुमच्या वतीने सांगून बसलेय. बाटल्या आल्या तेव्हा हे बोलायला हवं होतं, पण मला वाटलं तुम्हाला जायचंय. तुम्हाला वाटलं आम्हाला तुम्ही नको. वन्सं, भांडं असो नसो, मला तुम्ही हव्या आहात. एवढं लिहायला मला या वयापर्यंत यावं लागलं.

खोली झाडलीय. उशी उन्हात टाकलीय. दिवा काल पांढरा होता.

त्या दिवशीचा कोबी द्यायचा राहिलाय. येऊन घेऊन जा.

मित्सुए


कानाझावा
२५ ऑगस्ट (पोस्टकार्ड)

मित्सुए,

रविवारी दुपारच्या गाडीने. मासुमी रडली, मग हसली, मग म्हणाली, आई, तिथे जाऊन पोटभर ओरड. सामान फार नाही. छत्री इथेच ठेवते.

त्या दिवशी बघितलं, कोबी फार बारीक चिरतेस. मोठे चौकोनी तुकडे हवेत, सॉस उचलता आला पाहिजे. आणि मी येईपर्यंत कोणाला रागवू नकोस. माझ्यासाठी ठेव.

किनुयो